पार्किंगमधलं सुतारकाम आणि भुशाचा बंदोबस्त: कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५

जागा नाशिकची. रो-हाउसचं खालचं पार्किंग, दहा बाय सोळा फूट, तीन बाजूंना भिंती, पुढे शटर. गाडी दोन वर्षं बाहेरच उभी असते. आत दहा इंची टेबल सॉ (टेबलातून पातं वर आलेली करवत), दहा इंची मायटर सॉ (पातं वरून खाली आणून आडवे-तिरपे कट घेणारी), राउटर (खाचा आणि कडा कोरणारा), पाच इंची ऑर्बिटल सँडर (फिरत्या सँडपेपरने घासणारा) आणि १४०० व्हॉटचा ओला-सुका व्हॅक्यूम. आजवर धुळीची व्यवस्था म्हणजे शटर अर्धं उघडं, तोंडाला रुमाल आणि संध्याकाळी खराटा.

गेल्या आठवड्यात शिसमाच्या टीपॉयला तीन दिवस सँडर मारला. आईची खोली बरोबर वर. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "देवाच्या फोटोवर गरम मसाला सांडल्यासारखं दिसतंय रे. रोज पुसते, रोज तेच." तिला रात्रीचा खोकला आहे. तो माझ्यामुळेच असं नाही, पण माझ्यामुळे नक्की नाही असंही म्हणता येईना.

मोजायला काहीतरी हवं म्हणून ओट्याच्या कामातून उरलेला काळ्या कडप्प्याचा वीतभर तुकडा मागच्या फळीवर ठेवला. काम झालं की पुसायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर बोट फिरवायचं. आज सकाळी त्यावर माझं नाव लिहिता आलं, वेलांटीसकट.

९ फेब्रुवारी

प्लास्टिकचा तयार सायक्लोन मागवला, १,९५० रुपये. भातगिरणीच्या मागे कोंड्यासाठी पत्र्याचं उभं नरसाळं असतं, त्याचंच हे धाकटं भावंड. भुशाची हवा कडेने आत शिरते, गरगर फिरते, जड माल खाली डब्यात पडतो आणि बाकीची हवा वरून व्हॅक्यूमकडे जाते. व्हॅक्यूमचा फिल्टर दर पंधरा मिनिटांनी चोंदत होता, त्यावर हा उतारा.

डबा म्हणून रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घेतली. झाकणाला भोक पाडलं, सायक्लोन बसवला, कडेने एमसील भरलं. दहा मिनिटं काम झकास चाललं. मग पाइपचं तोंड चुकून फरशीला चिकटलं आणि एक मोठा 'भक्क' असा आवाज आला. बादली मधोमध पिचकलेली, झाकण तिरपं उडालेलं, एमसीलचे तुकडे जमिनीवर. वाट बंद झाली की व्हॅक्यूम सगळा जोर डब्याच्या भिंतींवर काढतो, आणि रंगाची बादली असल्या ओढीसाठी बनलेलीच नसते.

वाया: बादली फुकटची, एमसील ६० रुपये, एक रविवार.

१६ फेब्रुवारी

जुन्या बाजारातून साठ लिटरचा निळा ड्रम आणला, जाड भिंतीचा, झाकणावर पत्र्याची कडी असलेला. ६५० रुपये. घेताना आत आधी काय होतं ते विचारा. पहिल्या दुकानात "काय माहीत, केमिकलच असेल" असं उत्तर आलं, तिथून निघालो. दुसऱ्याकडे आंब्याच्या गराचा मिळाला, अजून वास येतो.

ड्रम पिचकला नाही, पण सायक्लोन काम करेना. निम्मा भुसा व्हॅक्यूममध्येच जात होता. दोन तास इनलेटचा पाइप वाकवून, उंची बदलून पाहण्यात गेले. शेवटी देवघरातून उदबत्ती आणली, व्हॅक्यूम चालू केला आणि ती सगळ्या सांध्यांवरून हळूहळू फिरवली. झाकणाच्या एका बाजूला धूर सरळ आत ओढला जात होता. ड्रमला खालून हवा मिळाली की खाली पडलेला भुसा पुन्हा वर उचलला जातो आणि सायक्लोन नुसता शोभेचा उरतो. हे आधी माहीत असतं तर ते दोन तास वाचले असते.

सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून झाकणाच्या कडेत बसवली. फुकट. पुन्हा उदबत्ती फिरवली, धूर सरळ वर गेला. मग मुद्दाम दोन तास एमडीएफवर (लाकडाचा भुगा डिंकात दाबून केलेली फळी) राउटर चालवला. ड्रममध्ये जवळपास चार किलो भुसा जमला, व्हॅक्यूमच्या टाकीत मूठभर. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

सँडरला थेट जोडल्यावर तर फरक कानालाही कळतो, कारण चकती स्वच्छ राहते आणि आवाज बदलत नाही. सँडरच्या चकतीची भोकं आणि सँडपेपरची भोकं जुळवून लावा. मी वर्षभर तिरकी लावत होतो.

२ मार्च

आता हाव सुटली. प्रत्येक मशिनला पाइप हलवत बसण्यापेक्षा भिंतीवरून कायमची लाइन टाकू म्हटलं. हार्डवेअरवाल्याकडून ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर पाइप आणला, म्हणजे संडासाच्या लाइनला वापरतात तो. दोन लांब्या, तीन बेंड, दोन वाय, क्लॅम्प, रिड्यूसर, सगळे मिळून २,९४० रुपये. पाइप जितका मोठा तितकी ओढ चांगली, असा माझा हिशेब. दिवसभर शिडीवर चढून बसवला. दिसायला कारखाना दिसत होता, फोटोही काढले.

१४ मार्च

धुळवड. आमच्याकडे ती वर्षभर चालते, आज फक्त रंग लावून.

पंधरा दिवसांत टेबल सॉची ओढ कमी कमी होत गेली. आज लाइन उतरवली. आडव्या पाइपच्या तळाशी तीन बोटं भुसा साचलेला, बेंडमध्ये तर अर्धा पाइप बंद. चूक कुठे झाली ते कागदावर मांडल्यावर कळलं. पाइपमध्ये भुसा वाहता राहायला हवेला सेकंदाला साधारण वीस मीटर वेग लागतो. माझा व्हॅक्यूम सेकंदाला फार तर चाळीस-पन्नास लिटर हवा ओढतो. ११० च्या पाइपात तेवढ्या हवेचा वेग जेमतेम पाच-सहा मीटर होतो, म्हणजे नदी धरणात शिरल्यावर गाळ टाकते तसंच. व्हॅक्यूमला बारीक पाइप लागतो.

व्हॅक्यूमपुरती लाइन पन्नासच्या पाइपात पुन्हा केली, आणि तीही फक्त सहा फूट. पुढे शेतकरी मोटारीला लावतात तो हिरवा सक्शन पाइप. आतून गुळगुळीत, दोन इंची, कुठल्याही कृषी दुकानात फुटावर मिळतो. एसडब्ल्यूआर फिटिंग हार्डवेअरवाल्याने परत घेतलं नाही, कारण मी सोल्यूशन लावून चिकटवलं होतं. पुढे लाइन नुसती दाबून बसवून वरून टेप मारायची, चिकटवायची नाही, एवढं मात्र ठरलं.

आणखी एक त्रास. हवा कोरडी आहे, सँडर चालवताना पाइपला हात लागला की स्थिर विजेचा चटका बसतो, आणि दचकून हातातलं हत्यार हलतं ते जास्त वाईट. पाइपला बाहेरून उघडी तांब्याची तार गुंडाळली आणि टोक टेबल सॉच्या अर्थिंग केलेल्या लोखंडी पायाला बांधलं. चटके बरेच कमी झाले, पूर्ण गेले नाहीत.

२३ मार्च

टेबल सॉला व्हॅक्यूम पुरत नाही हे मान्य केलं. पातं खाली इतका भुसा फेकतं की त्याला ओढीपेक्षा हवेचा लोंढा हवा. अंबड एमआयडीसीत एक फर्निचरचा कारखाना बंद झाला, तिथला एक हॉर्सपॉवरचा, एका पिशवीचा डस्ट कलेक्टर (मोठ्या पंख्याने भुशाची हवा ओढून पिशवीत गाळणारं मशीन) १४,५०० ला मिळाला. छोट्या टेम्पोचे सहाशे वेगळे. पाटीवर हवेचा जो आकडा लिहिलेला असतो तो बहुतेक वेळा पाइप आणि पिशवी न लावता मोजलेला असतो, त्यावर जाऊ नका. आता मात्र ११० चा पाइप या मशिनला बरोबर लागू पडला. पहिल्या चुकीतले निम्मे पैसे वसूल.

घरी आणून जोडला, टेबल सॉचं बटण दाबलं आणि सगळं पार्किंग अंधारात. दोन्ही मोटारी एकाच सोळा अँपिअरच्या पॉइंटवर होत्या आणि एकदम सुरू केल्या. आधी कलेक्टर, पाच सेकंदांनी सॉ असं केलं की चालतं, पण लाइट आणि पंखा लावल्यावर वायर गरम लागली. तिथे थांबलो. वायरमनला बोलावलं. तो वायरला हात लावून म्हणाला, "दादा, अडीचची आहे ही. आज एमसीबी पडला ते नशीब समजा." डीबीपासून (एमसीबीच्या मुख्य पेटीपासून) चार स्क्वेअर एमएमची वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी, २,६०० रुपये. हे काम स्वतः करण्याचा मोह मलाही झाला होता.

३० मार्च

पाडवा. गुढी उभारून दहा वाजता खाली आलो, जेवायला हाका ऐकू येईपर्यंत काम.

टेबल सॉची खालची बाजू उघडी होती. प्लायचं खोकं करून सगळीकडून बंद केली, मागे चार इंची तोंड काढलं, फटींना सिलिकॉन. उदबत्तीची परीक्षा पास. सॉ चालवला तर भुसा पात्याच्या फटीतून वर, थेट माझ्या तोंडावर. खोकं इतकं बंद केलं होतं की आत हवा यायलाच वाट नव्हती, आणि जी हवा आत येत नाही ती भुसा घेऊन बाहेर तरी कशी जाणार? पुढच्या बाजूला, तोंडाच्या बरोबर समोर, पोस्टकार्डाएवढी खिडकी कापली. लगेच ओढ लागली. पुढे जाळी मारली, कारण पहिल्याच तासात एक लाकडी तुकडा आणि माझी पेन्सिल आत गेली. पेन्सिलीचा पंख्यावर झालेला आवाज ऐकून मशीनच गेलं असं वाटलं होतं.

६ एप्रिल

जमीन स्वच्छ, टेबल स्वच्छ, आणि कडप्प्यावर तरीही बोट उमटतंय. पहिल्यापेक्षा जास्तच.

रात्री लाइट बंद करून टॉर्च घेऊन उभा राहिलो. कलेक्टर सुरू केला. पिशवीभोवती दुधासारखा धूर. जुनी जाड पिशवी मोठा भुसा अडवत होती आणि सगळ्यात बारीक पीठ छताच्या उंचीला फवारत होती. म्हणजे आतापर्यंत जमिनीवर पडलेली धूळ मी पैसे खर्चून हवेत उडवत होतो.

जमिनीवर ढीग दिसतो तो झाडून टाकता येतो. जी टॉर्चमध्येच दिसते तीच छातीत जाते. आयएआरसीने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, लाकडाची धूळ १९९५ सालीच पहिल्या गटात टाकली आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, आणि त्यात मुख्यतः नाकाचा आणि नाकाशेजारच्या पोकळ्यांचा. रुमाल बांधून हे थांबत नाही. आजपासून एन-९५ मास्क, आणि काम संपल्यावरही अर्धा तास काढायचा नाही. हे आधीच करायला हवं होतं. सगळ्यात स्वस्त वस्तू मी सगळ्यात शेवटी घेतली.

१३ एप्रिल

सोपा उपाय सुचला. कलेक्टरच मागच्या बोळात ठेवू, पिशवीतून निघेल ते बाहेर जाऊ दे. भिंतीला साडेचार इंचाचं भोक पाडायला अर्धा दिवस, ड्रिलचं एक बिट मोडलं. संध्याकाळी कडप्पा पाहिला तर काळा कुळकुळीत. मी खूश.

१४ एप्रिल

आज सुट्टी. सकाळी नऊला शेजारच्या काकू दारात, हातात ताट.

"हे बघ. चीक शिजवायला पहाटे चारला उठले मी. कुरडयांना काय लाकडाचा मसाला लावलास का?"

त्यांच्या गच्चीवर वाळवण पसरलेलं होतं आणि वारा माझ्या बोळाकडून बरोबर तिकडेच. ताटातल्या पांढऱ्या कुरडयांवर सागाची तपकिरी पूड बसलेली, प्रत्येक वेटोळ्यात. ती झटकून जात नाही, कारण कुरडई ओली असताना चिकटलेली असते. मी काही बोललो नाही, बोलण्यासारखं नव्हतंच. तीन किलो गव्हाच्या कुरडया वाया गेल्या. भरपाई म्हणून त्यांना वाळवणासाठी पाइनची चार बाय तीनची फ्रेम करून दिली, खाली-वर मच्छरजाळी. खर्च ८५० रुपये. फ्रेम त्यांना आवडली, पण कुरडयांचा विषय अजून अधूनमधून निघतो.

भिंतीचं भोक प्लायने बंद केलं.

२७ एप्रिल

आता फिल्टरच बदलायचा. तयार कार्ट्रिजचा भाव ऐकून गप्प बसलो. मुंबई-आग्रा रोडवर ट्रकच्या स्पेअर पार्टवाल्याकडे गेलो आणि मोठ्या ट्रकचे दोन एअर फिल्टर घेतले, १,४५० चा एक. घड्या घातलेला कागद, बाहेरून जाळी, एक टोक उघडं. "कुठल्या गाडीला?" त्याने विचारलं. पार्किंगला म्हटलं तर तो हसला, पण उंची मोजायला पट्टी त्यानेच दिली.

पहिला प्रयोग चुकला. कलेक्टरची हवा फिल्टरच्या पोटात सोडली आणि बाहेरून स्वच्छ हवा निघू दिली. टॉर्चमध्ये काही दिसेना, पण दोन दिवसांत पोटातल्या घड्यांमध्ये भुसा असा ठासून बसला की काढता येईना. ट्रकमध्ये हवा बाहेरून आत जाते, त्याला कारण आहे. मग उलट केलं. अठरा मिलिमीटर प्लायचं दोन बाय दोन बाय तीन फुटांचं खोकं, वरच्या फळीला दोन गोल भोकं, त्यांतून फिल्टर उघड्या तोंडाने आत टांगलेले. कलेक्टरची मूळ पिशवी काढून टाकली, पंख्याचं तोंड थेट या खोक्यात. भुशाची हवा फिल्टरच्या बाहेरून फिरते, स्वच्छ हवा भोकांतून वर निघते, माल खाली ड्रॉवरमध्ये पडतो. आत येणाऱ्या हवेसमोर पत्र्याचा आडोसा लावला, नाहीतर छिलके थेट कागदावर आदळतात आणि तो फाटतो. ड्रॉवरच्या कडेला पुन्हा सायकलची ट्यूब.

फिल्टर किती चोंदला ते कळायला गवंड्याची लेव्हल ट्यूब वापरली. तीन फूट पारदर्शक नळी, इंग्रजी यूच्या आकारात भिंतीवर, अर्धी पाण्याने भरलेली, एक टोक खोक्यात. मशीन सुरू केलं की दोन्ही बाजूंच्या पाण्यात फरक पडतो. नव्या फिल्टरला २० मिलिमीटर. साठपर्यंत गेला की फिल्टर काढून बाहेर झटकायचा, बोळात नाही.

टॉर्च लावला, हवा स्वच्छ. सकाळी कडप्प्यावर बोट फिरवलं तर पुसट रेघ, नाव लिहिण्याजोगं काही नाही.

११ मे

मायटर सॉ. हा सगळ्यात नाठाळ. पातं भुसा मागे फेकतं, वर फेकतं, बाजूला फेकतं, आणि त्याची स्वतःची पिशवी म्हणजे समजूत काढायचा प्रकार. मागे पत्र्याचं मोठं सूप उभं केलं, तळाला चार इंची पाइप. अर्ध्याहून थोडं जास्त सापडतं. आडव्या बाजूंना रबरी पडदे लावले, ते तिरपा कट घेताना आडवे येतात, काढले. मग सुपाची खोली कमी केली, फरक नाही. तीन रविवार गेले. शेवटी लांब फळ्यांचे कट मायटर सॉवर न घेता शक्य तितके टेबल सॉवर हलवले आणि हा प्रश्न निम्म्यावर सोडून दिला.

याच काळात आमचे जुने मिस्त्री, नाना, दाराची बिजागरी बसवायला आले होते. चहा घेत त्यांनी सगळे पाइप, ड्रम, खोकं बघितलं. म्हणाले, "साहेब, रंध्याचा शेव उडत नाही. तुम्ही आधी पीठ करता आणि मग पीठ पकडायला गिरणी बसवता." मग टीपॉयच्या दुसऱ्या फळीवर त्यांनी रंधा मारून दाखवला. कागदासारखा लांब शेव, हवेत काही नाही. पॉलिशआधी काचेच्या तुकड्याने तासायची जुनी पद्धतही दाखवली. काच माझ्या हातात नीट चालत नाही, पण पोलादी पत्री चालते. तेव्हापासून सँडरचं काम निम्मं झालं आहे. पहिले दोन जाडे पेपर मी आता मारतच नाही.

१ जून

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. पार्किंगमध्ये ओल चढली आणि ड्रमकडे पंधरा दिवस दुर्लक्ष झालं. झाकण उघडलं तर वरच्या भुशावर पांढरी बुरशी आणि कुजका वास. हे पुन्हा मशिनमधून फिरवणं म्हणजे बुरशी खोलीभर वाटणं. आता पावसाळ्यात ड्रम दर रविवारी रिकामा, भरलेला असो वा नसो. फिल्टरचा कागदही दमट होतो. पाण्यातला फरक काहीही न करता २५ वरून ४० वर गेला होता. काम सुरू करण्याआधी खोक्यावरचं झाकण काढून पाच मिनिटं नुसतं मशीन चालवलं की थोडा उतरतो.

एक फायदा, चटके पूर्ण बंद.

२२ जून

भुशाचं करायचं काय, हा प्रश्न सुरुवातीला कुणी विचारत नाही. मीही नाही विचारला. आता दोन ड्रम झाले. एकात फक्त खऱ्या लाकडाचा भुसा, तो गच्चीवरच्या कंपोस्टमध्ये ओल्या कचऱ्यावर थर म्हणून जातो. दुसऱ्यात प्लाय आणि एमडीएफचा, त्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो, तो बांधून कचऱ्यात. खालच्या गल्लीतला कोंबड्यांच्या शेडवाला भुसा मागायला आला होता. मिसळलेला होता म्हणून नाही दिला. तो थोडा नाराज झाला.

सागाच्या भुशाने कोपराच्या आतल्या बाजूला पुरळ येतं, हे दोन महिने मी घामोळं समजत होतो. आता साग कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि नंतर लगेच आंघोळ.

२० जुलै

महिनाभरात एकच काम. टेबल सॉच्या पात्यावर पॉलीकार्बोनेटचं आच्छादन करून त्याला व्हॅक्यूमचा बारीक पाइप जोडला. खालून कलेक्टर, वरून व्हॅक्यूम. वर उडणारी धूळ खूप कमी झाली. अरुंद पट्टी फाडताना आच्छादन काढावं लागतं आणि मग पुन्हा लावायचा कंटाळा येतो. दोनदा न लावता काम केलं, दोन्ही वेळा कडप्प्याने पकडलं.

१० ऑगस्ट

गणपती २७ ला. मखराचं काम घेतलं, बारा मिलिमीटर प्लाय आणि थोडं एमडीएफ, तीन दिवस सलग. खरी परीक्षा हीच, एमडीएफएवढं बारीक पीठ दुसरं कशाचं होत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कडप्प्यावर बोट फिरवलं. रेघ दिसते, पण उजेडात तिरपं धरलं तर. आईला न सांगता तिच्या खोलीतल्या फोटोवरही बोट फिरवलं. तिथे थोडी आहे. रस्त्याचीही असू शकेल, खिडकी उघडी असते.

खर्चाचा हिशेब, व्हॅक्यूम सोडून:

सायक्लोन, दोन ड्रम, हिरवा पाइप, पन्नासचा पाइप मिळून ४,३००. कलेक्टर आणि टेम्पो १५,१००. ११० चा पाइप आणि फिटिंग २,९४०, त्यातलं साधारण निम्मं वाया. वायरिंग २,६००. ट्रकचे फिल्टर, प्लाय, ट्यूब, नळी ५,२००. मायटर सॉचं सूप आणि त्याचे प्रयोग १,८००. मोडलेलं बिट, एमसील, सिलिकॉन सातशेच्या आसपास. काकूंची फ्रेम ८५०. एकूण साडेतेहतीस हजारांच्या घरात. वेळ अंदाजे वीस रविवार, त्यातले आठ तरी चुका उलटवण्यात.

आज पुन्हा सुरू केलं असतं तर पहिल्या दिवशी एन-९५, सायक्लोन, जाड ड्रम आणि सँडरचा पाइप, एवढंच घेतलं असतं. चार हजारांत सगळ्यात बारीक धुळीचा मोठा भाग तिथेच सापडला. कलेक्टर वर्षभराने घेतला असता तरी चाललं असतं, आणि घेतला असता तर फिल्टरचं खोकं त्याच आठवड्यात केलं असतं.

बाकी आहे: मायटर सॉचं सूप, आवाज (कलेक्टर सुरू असताना वरच्या खोलीत टीव्ही ऐकू येत नाही), आणि ड्रॉवरची एक कड जिथे उदबत्तीचा धूर अजून थोडा बाहेर ढकलला जातो. नळीतलं पाणी आज ५२ वर आहे. फिल्टर झटकायला उद्या सकाळी नदीकाठच्या मोकळ्या जागेत जाणार, वारा कुठला आहे ते बघून.